नमद्याची चटई आणि उमसुनायचा घास

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे, पण पाहुण्यांना बसायला टाकतात तसली नव्हे. माझ्यावर लोकर पसरतात, उकळतं पाणी शिंपडतात, मला गुंडाळून दोरीनं करकचून बांधतात आणि मग दिवसभर ओढत ओढत लाथा घालतात. तेव्हा कुठे आत नमदा, म्हणजे लोकरीचा जाड गालिचा, तयार होतो. एवढं सोसून कोणी नाव टिकवून दाखवावं.

मला उमसुनायनं विणलं. कुरणातल्या उंच गवताची एकेक काडी सोलली, लोकरीच्या दोऱ्यानं बांधली. त्याला एकेचाळीस वर्षं झाली. आमच्या नारीनच्या डोंगराळ मुलखात तिच्या नमद्याला तोड नाही असं लोक म्हणतात, आणि खरं तेच म्हणतात. दोरी कोणीही ओढो, माझ्यावर पहिला पाय तिचाच.

पुढे तिला साखरेचा आजार जडला. रोजची इन्सुलिनची सुई मागे लागली. हिवाळाभर मी छपराखाली पडून आणि ती चुलीपाशी बसून. बोट टोचून यंत्रात बघावं तर चौदा, पंधरा. आमच्याकडच्या मोजणीत सात-आठ ठीक, आणि चारच्या खाली धोका. नर्स तोक्तोबूबू म्हणाली, "आपा, हला जरा. अंग राबलं की रक्तातली साखर खर्ची पडते."

वसंतात मेंढ्या कातरल्या, मला बाहेर काढलं आणि आकडा आठावर उतरला. मी औषध नाही. तरी थोडं श्रेय घेते.

पण उतरता आकडा बघून उमसुनायला चढली. मोठ्या नमद्याच्या दिवशी तिनं सकाळी नेहमीएवढी सुई टोचली आणि नानला हातसुद्धा लावला नाही. आमच्याकडे नान चाखल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. सून जिय्दे ताट घेऊन मागे धावली.

"आपा, निदान घासभर!"

"आजार साखरेचा, आणि तू मला भाकरी कोंबतेस? सुई घेतली, आता लाथाही मारणार. आज साखर मुळासकट उपटते. हो बाजूला!"

तिचा पाय मला पाठ आहे. डावा हलका, उजवा भारी. दुसऱ्या तासाला दोन्ही हलके पडायला लागले. मग एक माझ्यावर पडलाच नाही, मातीत पडला. गार वारा होता, तरी तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. ती मटकन माझ्यावर बसली.

"नजर लागली गं! अर्चाच्या पाल्याची धुरी आणा," शेजारीण मायराम ओरडली.

"नजर लागायला ही काय नवी नवरी आहे?" दुसरी म्हणाली.

जिय्दे धावली, पण धुरीसाठी नाही. यंत्र आणि मधाची वाटी घेऊन आली. आकडा होता दोन पूर्णांक आठ.

"मध? मला?" उमसुनायची जीभ जड झाली होती, पण धार तशीच. "मारायला निघालीस काय, भवाने!" आणि तिनं दात घट्ट मिटले.

जिय्देनं वाद घातला नाही. नानचा तुकडा मधात निथळेपर्यंत बुडवला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

"आपा, नान चाखा."

समोर धरलेल्या नानला नाही म्हणायचं नसतं. म्हणणारा पापी. हे सुनेला तिनंच शिकवलं होतं, तेही कान धरून. तिनं तोंड उघडलं. मागोमाग तीन चमचे नुसता मध गेला.

पाव तासानं आकडा चार पूर्णांक सहा झाला, आणि उमसुनायला वाचा फुटली. "मध पातळ लागतो. पाणी घातलंस?"

तोक्तोबूबूनं नंतर तिला चांगलंच झापलं. "सुई, उपास आणि कष्ट, तिघं एकाच बाजूनं दोर ओढून साखर पाडतात, आपा. त्यात कष्ट तर काम संपल्यावरही, झोपेतसुद्धा, ओढत राहतात." तेव्हापासून नमद्याच्या दिवशी आधी बोट टोचायचं, मग खायचं, आणि सुई डॉक्टर सांगतील तेवढीच. माझ्या दोरीला खडीसाखरेची पुरचुंडी बांधलेली असते.

मित्रांनो, माझ्या बऱ्याच काड्या मोडल्या आहेत, तरी मला गुंडाळून ठेवू नका. पडून राहिले की मला उंदीर खातात, आणि तिला साखर. लाथा घाला, खुशाल घाला. फक्त पाय ठेवण्याआधी घास घ्या.

आता शेजारणी दोरी धरून ताटकळतात आणि उमसुनाय सगळ्यांदेखत नान चावत बसते, मुद्दाम सावकाश. कोणी घाई केलीच तर म्हणते, "थांबा की! चटई काय पळून चाललीय?"

मी कुठेही जात नाही. डावा हलका, उजवा भारी, तो पाय पुन्हा अंगावर पडेपर्यंत पडून असते.