देवाचा चिंचोका

सुज्ञ वाचकहो, हैदराबाद शहरी, अंबरपेठ येथे, इसवी सन एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या संक्रांतीनंतरच्या रविवारी सायकलींची जी शर्यत झाली, तिचा वृत्तांत आता आपल्यापुढे सादर होत आहे. त्या शर्यतीत कोणाचा हातपाय मोडला नाही, की कोणी लबाडी केली नाही. तथापि एका गृहस्थाचे त्या दिवशी काय गेले आणि काय राहिले, हे यथामती निवेदन करण्याचे योजिले आहे. लेखणी दुबळी आहे, हेतू मात्र शुद्ध आहे.

हिम्मतराव भालके यांचे वय त्या समयी बेचाळीस होते. लोखंडी कपाटे बनविणाऱ्या एका कारखान्यात ते कपाटांना रंग देण्याचे काम करीत. कारखान्याच्या सायकल-स्टँडात एके काळी एवढी दाटी असे, की आपली सायकल काढावयाची तर चार जणांच्या सायकली आडव्या कराव्या लागत व चार जणांच्या शिव्याही खाव्या लागत. पुढे देशात नवे वारे सुटले. दुकानांत बाहेरचा माल आला, घराघरांवरून केबलच्या तारा गेल्या, आणि एकेक करीत सर्वांच्या दारी स्कूटर उभी राहिली. आता त्या लांबलचक पत्र्याखाली हिम्मतरावांची काळी सायकल एकटीच भिंतीला टेकून असे. शिव्या देणारेही कोणी उरले नव्हते.

अंबरपेठेच्या नवप्रकाश मंडळाची सायकल शर्यत हा हिम्मतरावांच्या आयुष्यातील एकमेव छंद होता. मंडळाच्या पटांगणापासून निघावयाचे, भाजीबाजाराला वळसा घालून पुन्हा तेथेच यावयाचे, असे वीस फेरे. ही शर्यत ज्यांनी सुरू केली ते सारे भालकी, उदगीर, बीदर या बाजूंहून आलेले शेतकऱ्यांचे पुत्र. त्यांनी खळ्यावरची रीत इकडे आणली. प्रत्येक स्पर्धकाने आपला मोजणारा आपणच आणावा, असा नेम होता. मोजणाऱ्याने चुन्याच्या रेघेजवळ ताटली घेऊन बसावे, आपला माणूस रेघ ओलांडून गेला की पिशवीतून एक चिंचोका काढून ताटलीत टाकावा, आणि वीस भरले की लाल फडके उंच करावे. फडके दिसेल तेव्हाच स्पर्धकाने थांबावयाचे. ज्याचे फडके आधी वर जाईल, तो पहिला. शर्यत संपल्यावर पंच येऊन ताटलीतले चिंचोके मोजून पाहत. पळणाऱ्याने केवळ पळावे, हिशेब आपल्या माणसावर सोडावा, हा त्यातला भाव होता.

बारा वर्षे हिम्मतरावांची मोजणी त्यांच्या पत्नी जयवंताबाई यांनी केली. हिम्मतराव दोनदा तिसरे आले, एकदा दुसरे आले, पहिले कधीच आले नाहीत. सुलतान बाजारातील मंडळाच्या वाचनालयात एक लाकडी फळी होती. तिच्यावर दरवर्षीच्या पहिल्या स्पर्धकाचे नाव पांढऱ्या रंगाने लिहिले जाई. जयवंताबाई म्हणत, "उन्हात मी बसायचं, कंबर माझी मोडायची, आणि नाव लागायचं दुसऱ्याचं! एकदा तरी लावा की हो तुमचं त्या फळीवर. मी शेजारणीला घेऊन बघायला जाईन." हिम्मतराव म्हणत, "पुढच्या वर्षी." असे म्हणता म्हणता जयवंताबाई काविळीने गेल्या. त्यास तीन वर्षे झाली होती.

त्यानंतरची दोन वर्षे मोजणीला त्यांचा जिवलग मित्र शिवराज बसला. परंतु या खेपेस दोन गोष्टी एकदमच घडल्या. एक म्हणजे, मंडळाने ठरविले की ही शर्यत शेवटची. पुढील वर्षापासून एक शीतपेयवाली कंपनी मोटारसायकलींची फेरी काढणार होती. योगायोग असा, की फळीवरही आता एकाच नावापुरती जागा शिल्लक होती. आणि दुसरी गोष्ट ही, की शर्यतीच्या दोन दिवस आधी शिवराज पेढ्याचा पुडा घेऊन दारात उभा राहिला.

"हिम्मत, तोंड गोड कर. स्कूटरचा नंबर लागला!"

"वा! केव्हा आणणार?"

"तेच सांगायला आलो. रविवारी सकाळचा मुहूर्त आहे. बायको म्हणते, साडेतीन वर्षं वाट बघितली, आता मुहूर्त चुकवायचा नाही."

हिम्मतरावांच्या हातातील पेढा हातातच राहिला. "रविवारी शर्यत आहे, शिवा."

"अरे, तू अजून त्यातच आहेस होय?" शिवराज हसला, पण डोळ्याला डोळा देईना. "कोणालाही बसव ना. चिंचोके तर टाकायचे. त्याला काय वकील लागतो?"

कोणालाही म्हणजे कोणाला, हा विचार करीत हिम्मतराव रात्रभर छताकडे पाहत राहिले. आप्तस्वकीय भालकीकडे. मूलबाळ नाही. कारखान्यात ज्याला त्याला विचारावे तर रविवारी सकाळी सर्वांना टीव्हीपुढे बसावयाचे असते. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात वीस चिंचोके मोजण्यापुरताही एक माणूस आपण राखला नाही, या जाणिवेने त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी नळावर शेजारची गंगूबाई भेटली. ती जयवंताबाईंच्या माहेरगावची. साठीच्या पुढची, एकटी, नारायणगुड्यात एका भुसार दुकानी धान्य निवडण्याचे काम करणारी. गावच्या नात्याने ती हिम्मतरावांस जावईबापू म्हणे. हिम्मतरावांनी घागर बाजूला ठेवून, संकोचत, सर्व सांगितले.

"मोजायचंच ना?" गंगूबाई म्हणाली. "अवो जावईबापू, खळ्यावर पाच-पाच खंडी जवारी मोजलीय म्या. सावकार म्हणायचा, गंगीच्या हातचं माप म्हंजे देवाघरचं माप. तुमचे ईस चिंचोके हायेत केवढे?"

"पण दुकान?"

"दुकानाला सांगते, लेकीच्या घरचं काम हाय म्हणून. जया माझी लेकच की."

रविवारी आकाशात पतंगच पतंग होते. गंगूबाई धुवट लुगडे नेसून, कपाळी ठसठशीत कुंकवासारखा बुक्का लावून, सर्वांच्या आधी रेघेजवळच्या लिंबाखाली येऊन बसली. हिम्मतरावांनी सायकलीचे मडगार्ड, कॅरिअर, घंटी काढून ठेवली होती. शेजारी सुधीर नावाचा तेवीस वर्षांचा तरुण गिअरची नवी सायकल घेऊन उभा होता. त्याच्या मोजणीला थोरला भाऊ, वहिनी, दोन मित्र, असा जथाच आला होता.

"काका, हल्लू चालवा हां," सुधीर म्हणाला. "तुमची गाडी निझामाच्या जमान्यातली दिसते."

"निझामाची गाडी होती म्हणूनच टिकली," हिम्मतराव उत्तरले.

"हौ काका, टिकणं निराळं, पळणं निराळं!" त्यावर सगळा जथा हसला, हिम्मतरावही हसले.

मंडळाचे पंच, निवृत्त वकील नरहरपंत, यांनी रुमाल पाडला आणि शर्यत सुटली.

पहिल्या काही फेऱ्यांत पोरे वाऱ्यासारखी पुढे गेली. हिम्मतरावांनी घाई केली नाही. भाजीबाजाराच्या वळणावर कुजक्या कोबीची पाने पडतात, तेथे आतून वळले तर चाक सरकते, हे त्यांस पंधरा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. पाचव्या फेऱ्याला तेथे दोघे पडले. नवव्या फेऱ्याला आणखी तिघांनी दम टाकला. बाराव्याच्या सुमारास हिम्मतरावांची साखळी उतरली, ती चढविताना बोटे काळी झाली, आणि त्या गडबडीत त्यांच्या मनातील मोजणी विस्कटली. त्यांनी ती सोडून दिली. मोजणारे माणूस बसले आहे, असे स्वतःस बजावून त्यांनी मान खाली घातली.

त्यापुढे रस्त्यावर दोघेच उरले, ते आणि सुधीर. बाकीचे एकेक दोन-दोन फेरे मागे पडून शर्यत सोडून गेले. शेवटी शेवटी चढाच्या तोंडाशी सुधीरचा गिअर कुरकुरला आणि हिम्मतराव त्याच्या शेजारून पुढे निघाले. छाती भात्यासारखी चालली होती. रेघ दिसली. लिंब दिसला. फडके वर जाईल म्हणून त्यांनी डोळे ताणून पाहिले. गंगूबाईने शांतपणे एक चिंचोका ताटलीत टाकला आणि हाताने खूण केली, चला, चला. ते पुढे गेले.

पाठीमागे एकाएकी हलगी कडाडली. आरोळी उठली. हिम्मतरावांनी मान वळवून पाहिले, तर सुधीर सायकलीवरून उतरला होता व भावाने त्यास खांद्यावर घेतले होते.

अर्थ उघड होता. सुधीरचे वीस भरले, आपले एकोणीस. म्हणजे पोराने आपल्यास केव्हातरी एक पूर्ण फेरा मागे टाकले, बहुधा साखळी उतरली तेव्हा. आता घाईला कारण उरले नव्हते. तरीही नेम तो नेम, म्हणून उरलेला फेरा त्यांनी एकट्याने घातला. बघे सारे पटांगणाकडे धावले होते. भाजीवाल्या बाया पाटीवर पाणी शिंपडत होत्या, त्यांनी वरही पाहिले नाही. एक तुटलेला पतंग त्यांच्यापुढे रस्त्यावर घसरत घसरत चालला होता. एवढीच काय ती सोबत.

ते रेघेशी आले तेव्हा लिंबाखाली गंगूबाई एकटीच उभी होती. दोन्ही हातांनी तिने लाल फडके डोक्याच्या वर धरले होते आणि तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"भरले बघा, जावईबापू! ईसाला ईस! एक बी हिकडचा तिकडं न्हाई."

हिम्मतराव उतरून मटकन खाली बसले. ताटलीत वीस चिंचोके चार चारांच्या पाच ओळींत मांडलेले होते. आणि लिंबाच्या बुडाशी, हिरव्या पानावर, हळदीची चिमूट लावलेला आणखी एक चिंचोका होता.

"मावशी, हा कसला?"

"त्यो देवाचा." गंगूबाईने पानाला हात लावून कपाळाला लावला. "खळ्यावर पयलं माप देवाचं काढत्यात न्हाई का? ते बाजूला ठिवायचं, मग मोजाय लागायचं. देवाचं मोजात धरत्यात व्हय? तुमी पयल्यांदा गेलात, त्यो देवाला दिला. जयाचं नाव घिऊन दिला."

हिम्मतरावांच्या कानात हलगी वाजत होती, ती एकाएकी ऐकू येईनाशी झाली. वीस आणि एक. सुधीर उतरला तेव्हा आपण त्याच्या पुढे होतो. रेघ आपण आधी ओलांडली होती. पहिले आपण आलो होतो.

तिकडून नरहरपंत वही घेऊन ताटल्या तपासत येत होते. अजून तीन ताटल्या मध्ये होत्या. फक्त तोंड उघडावयाचे होते. वकील माणूस, त्यांस पान दाखविले असते तर चूक तत्काळ कळली असती. फळीवरची शेवटची जागा हिम्मतरावांच्या डोळ्यांपुढे आली. उन्हात बारा वर्षे बसलेली जयवंता डोळ्यांपुढे आली. मग त्यांनी गंगूबाईकडे पाहिले. ती पदराने ताटलीची कड पुसत होती, पंचाला स्वच्छ दिसावी म्हणून. इतक्या लोकांत नरहरपंत तिला विचारणार, बाई, तुम्हाला वीस मोजता येत नाहीत काय? सुधीरचा जथा हसणार. माप चुकले, हा शब्द त्या म्हातारीने जन्मात ऐकला नव्हता. आणि एवढ्या मोठ्या शहरातून त्यांच्यासाठी येऊन बसलेले माणूस तेवढे एकच होते.

हिम्मतरावांनी पानावरचा चिंचोका उचलला व मुठीत धरला.

नरहरपंतांनी वाकून बोटाने मोजले. "वीस. चोख. भालके, क्रमांक दुसरा. या वयात शाबास." त्यांनी वहीत लिहिले. "मोजणी फार नेटकी आहे, बाई."

गंगूबाई लाजून पदरात हसली.

एवढ्यात गळ्यात हार घातलेला सुधीर आला. त्याचा चेहरा जरा गोंधळलेला होता. "काका, एक विचारू? शेवटच्या फेऱ्याला तुम्ही माझ्या सामने होते ना? मी तुम्हाला कधी मागे टाकलं, तेच मला याद येईना."

"साखळी उतरली होती माझी बाराव्याला," हिम्मतराव म्हणाले. "तेव्हा गेलास तू."

"सच्ची?"

"सच्ची. जा, फोटो काढायला बोलावतात तुला."

सुधीर गेला. लोक पांगले. कॅरिअर काढलेले असल्यामुळे गंगूबाईस सायकलीवर बसविता येईना, म्हणून हिम्मतराव सायकल हाताने ढकलीत तिच्याबरोबर पायी निघाले. वाटेत ती भेटेल त्याला सांगे, "आमचं जावईबापू दुसरं आलं बरं का, म्या मोजलं!" चौकाशी आल्यावर ती एकदम थांबली.

"अगं बया! देवाचा दाणा तिथंच ऱ्हायला."

"नाही मावशी. पोचला तो."

"कुठं?"

"देवाकडे."

ती समाधानाने पुढे चालू लागली.

पुढील रविवारी हिम्मतराव सुलतान बाजारात वाचनालयात गेले. फळीवरचे अखेरचे नाव नुकतेच लिहिलेले होते, रंगाचा वास येत होता. त्याच्याखाली फळीची कड होती. आयुष्यभर रंगाचे काम केल्यामुळे त्यांस दिसले, की रंग पातळ केला आहे, दोन उन्हाळ्यांत उडेल. वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "तुमचं कोणी आहे का यात?"

"कोणी नाही," हिम्मतराव म्हणाले.

सोमवारी कारखान्यात जाताना त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. चिंचोका तेथेच होता, हळद मात्र कापडाला लागून गेली होती. पत्र्याखाली त्यांनी सायकल भिंतीला टेकविली, कुलूप लावले, आणि जरा वेळ तिच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. मग भोंगा झाला व ते आत गेले.

येथवर ज्यांनी हे वाचन शेवटास नेले, त्या सर्व वाचक बंधुभगिनींचे मनःपूर्वक आभार. चुकले माकले पदरात घ्यावे.

आपला नम्र,
विजय माणिकराव बिरादार
अंबरपेठ, हैदराबाद