थोरलीची ओळ

“जरा सरक ना गं तिकडे. माझं कोपर पार भिंतीत रुतलंय, एखाद्या रविवारी गिलावाच निघायचा,” बेकरीवाल्या मावशी ओठ न हलवता पुटपुटल्या.

चर्चच्या गायकवृंदात त्यांच्या शेजारी उभी असलेली धाकटी सरकली नाही. तिच्या डाव्या हाताला एका माणसापुरती जागा मोकळी होती आणि तिथे कुणी पाय ठेवत नसे. ती थोरलीची, तिच्या बहिणीची जागा. नदीत होडी उलटली तेव्हा बाकीचे सगळे मिळाले, कुणी जिवंत, कुणी तसे. थोरली तेवढी मिळालीच नाही. त्याच आठवड्यात आईने गायकवृंदाला बजावलं की पोरीला यायला उशीर होतोय, तिची जागा धरून ठेवा. आईपुढे कोण बोलणार? जागा धरली. जागेबरोबर ओळही धरली गेली. एका गीताच्या तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ थोरली एकटी म्हणायची. आता तिथे सगळे गप्प राहत, ऑर्गनवाले काका नुसता सूर दाबून धरत आणि पुढच्या ओळीला गाडी पुन्हा रुळावर येई.

नवे पाळक आले ते या शांततेवर जामच खूश झाले. पुस्तकात ओळ छापलेली होती, पण त्यांना वाटलं, इथली मंडळी ती मनातल्या मनात म्हणतात. भर उपासनेत कौतुक करून त्यांनी शांतता अजून थोडी लांबवायला सांगितली. खरं काय ते त्यांना कुणीच सांगितलं नाही. सांगायचं तर तो एक शब्द तोंडातून काढावा लागला असता.

शांतता लांबली आणि तिच्यात श्वास ऐकू येऊ लागला.

गाण्याआधी माणूस पोटभर घेतो तसा श्वास. धाकटीच्या डाव्या कानाशी. आत गेलेला, बाहेर न आलेला. पहिल्यांदा तिने मावशींकडे पाहिलं. मावशी भिंतीकडे पाहत होत्या, पण त्यांच्या मानेवर काटा उभा होता. म्हणजे त्यांनाही ऐकू आला होता. नंतर दोघी बेकरीतल्या उंदरांबद्दल बोलल्या.

धाकटी लॉन्ड्रीत इस्त्रीला होती. एका दुपारी चादरीवरून इस्त्री फिरवताना तिला सांगणं आलं. आवाज नव्हता, पण शब्द स्वच्छ होते: ती ओळ तू म्हण. कोण सांगतंय हे विचारायची गरज नव्हती. लहानपणापासून ती त्याच्याशीच बोलत आली होती. फक्त आजवर बोलायचं काम तिचं होतं.

मग घासाघीस सुरू झाली. दुसरं काहीही सांग प्रभू, ती म्हणाली. उपास केले. चर्चच्या खिडक्या पुसल्या. वेदीचं कापड असं कडक खळ घालून दिलं की ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं असतं. सगळं केलं, तेवढं एक सोडून. कारण ती ओळ म्हणणं म्हणजे आईच्या देखत, स्वतःच्या तोंडाने बहिणीला पुरणं. आता इतर ओळींनाही तिचे नुसते ओठ हलत. उपासनेहून ती घरी यायची ती ओझं वाहून आल्यासारखी.

त्या रविवारी ते गीत पुन्हा आलं. तिसरं कडवं. काकांनी सूर धरला. पाळकांनी डोळे मिटले. कानाशी श्वास भरला गेला आणि थांबला, आणि या वेळी धाकटीला कळलं की तो दमलाय. फार दिवस कोंडून ठेवलेला, सुटायला जागा न मिळालेला.

पुढच्या बाकावर आई बसली होती. तिची नजर त्या मोकळ्या जागेवर.

“बरं,” धाकटी मनात म्हणाली. एवढंच.

“तुझ्या मागुनी चालता, पाय मोकळे झाले माझे.”

पहिला शब्द गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. दुसरा बरा. काकांचं बोट घसरलं, पाळकांचे डोळे उघडले. ओळ संपली तेव्हा तिच्या कानावरून एक लांब, गार उच्छ्वास गेला, आणि डावी बाजू नुसती हवा झाली. तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते भलतंच: कुणीतरी मानगुटीवरून उतरल्यासारखं. तिला गाता गाता हसू फुटलं. दुसरी ओळ तिने अशी उचलली की काकांना तिच्यामागे धावावं लागलं. मावशींनी भिंत सोडली, त्या मोकळ्या जागेत येऊन उभ्या राहिल्या आणि भरल्या गळ्याने सूर लावला. सगळं चर्च गात सुटलं. एवढा आवाज त्या छपराखाली होडी गेल्यापासून झाला नव्हता.

मग आई उठली.

एकेक आवाज गळाला. काकांनी हात उचलले. आई बाकाच्या पाठीला धरून उभी होती. धाकटीचं तोंड अजून उघडंच होतं. आता मिटायचं नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं.

आईने मावशींकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

“माझी थोरली मेली,” ती म्हणाली. “बुडून मेली ती. थांबलात का? म्हणा पुढचं कडवं.”