आठ गाडगी आणि एक डोणी

रऊफ नागपूरहून वाशीमला घरी आला तेव्हा त्याच्या एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात तुपाचा जुना डबा. डब्याच्या झाकणाला भोकं पाडलेली. अकोल्याला गाडी बदलताना लोकांनी त्याला तीनदा विचारलं, आत काय आहे, आणि तिन्ही वेळा त्याने वेगवेगळ्या थापा मारल्या. घरी ते चालणार नव्हतं. त्याने अंगणात डबा उघडला आणि त्याची आई सरवरीबी दोन पावलं मागे सरली.

"या अल्ला! ह्या पाली कायले आणल्या घरात?"

पाली नव्हत्या त्या. पाण्याच्या आठ बाटल्यांत बोटाएवढी आठ पिल्लं होती, चार पायांची, माशासारख्या शेपटीची, मानेच्या दोन्ही बाजूंना गुलाबी झुपके असलेली. रऊफ ज्या कॉलेजात शिपाई होता, तिथल्या प्रोफेसरसाहेबांनी ही ॲक्सोलॉटल नावाची जात परमुलखातून आणली होती. बेचाळीसच्या पावसाळ्यानंतर लढाईपायी कॉलेजच्या इमारतीत पलटण येऊन राहिली, प्रयोगशाळा रस्त्यावर आली आणि साहेबांनी ही पिल्लं दोन महिन्यांसाठी रऊफच्या गळ्यात मारली. रऊफला परत नागपूरला जायचं होतं. म्हणून त्याने ती थोरल्या बहिणीच्या गळ्यात मारली. असली कामं घरंगळत घरंगळत शेवटी कोणाच्या पदरात पडतात, हे काय सांगायला हवं?

थोरली बहीण जुबेदा. दोन वर्षांपूर्वी वाशीमच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्राला कापूस लावताना रुळाने तिच्या उजव्या हाताची चारही बोटं नेली, अंगठा तेवढा ठेवला. तिचा नवरा जमशेद जवळच्या रिठद गावात बांगड्या विकायचा. "मायच्या घरी आराम कर," म्हणून त्याने तिला वाशीमला आणून सोडलं आणि सहा महिन्यांत दुसरा निकाह लावला. नवीन बाई दोन पोरं घेऊन आली, सात नि नऊ वर्षांची. जुबेदाची पोरगी मुनीरा तेव्हा तीन वर्षांची होती. ती तिथेच राहिली. खरं सांगायचं तर पोरीला कोणी हिसकावून ठेवलं नव्हतं. जुबेदाच म्हणाली होती, "राहू द्या. चार लेकरात वाढन. ह्या हातानं मी काय करू तिचं?"

हे बोलताना तिच्या डोळ्यात टिपूस आला नाही. नंतरही नाही. थोटकाला चुलीचा चटका बसला तरी तिला कळत नसे, आणि हाताची ती बधिरता वर कधी चढली तेही कळलं नाही. ती उठे, झाडे, पाणी भरे, निजे.

महिन्यातून एकदा बाजाराला येताना जमशेद पोरीला दाखवून नेई. मागच्या खेपेला मुनीराच्या उजव्या कानाची पाळी फाटलेली होती, बाळी गेलेली.

"पोरं खेळतात," जमशेद म्हणाला. "होईन बरं."

"हो," जुबेदा म्हणाली.

सरवरीबीने नातीला भाकर दिली. पोरगी ती घेऊन कोपऱ्यात गेली, सगळ्यांकडे पाठ केली आणि घासामागे घास कोंबत राहिली. "लाजते," सरवरीबी म्हणाली. जुबेदाला काहीच वाटलं नाही.

तर अशा बाईच्या हवाली रऊफने ती आठ पिल्लं केली. वर साहेबांचे हुकूम तोंडपाठ म्हणून दाखवले.

"आपा, एकाले एक गाडगं. ऊन लागू देजो नको. पाणी गार पाह्यजे, रोज अर्धं बदलजो. गांडुळाचे बारीक तुकडे घालजो, पोटभर. आन् एकत्र टाकजो नको. लहान हायत तवर एकमेकाले तोडतात."

"काहून? भाऊभाऊच हायत ना?"

"त्याईले काय कळते भाऊ? समोर हललं का धरलं तोंडात. लहानमोठे संगं असले का लहान्याची गत नाई."

ओसरीवर आठ गाडगी ओळीने मांडली गेली, भोवती ओलं तरट. थंडीचे दिवस, त्यामुळे पाणी आपसूक गार राही. जुबेदा डाव्या हाताने गांडुळं खणी, थोटकाखाली दाबून धरी आणि डाव्या हाताने चिरी. डाव्या हाताला हे काम येतं हे तिला नव्यानेच कळलं. कळलं म्हणून आनंद झाला, असं काही नाही. काम होतं, ती करत होती.

तीन आठवडे ठीक गेलं. मग तिला दिसू लागलं की पिल्लं सारखी गाडग्याच्या कडेला तोंड लावून बसतात. सरवरीबी रोज त्यावर हळहळायची. "एकट्या लेकराले करमते काय? त्या साहेबाले काय समजते, त्यानं कधी लेकरं वाढवले? टाक सगळे डोणीत." अंगणात ढोरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी रिकामी पडून होती. आठ गाडग्यांत एका हाताने पाणी घालून जुबेदाचा खांदाही भरून आला होता. दयेचं निमित्त झालं आणि कंटाळ्याने काम साधलं, असंच म्हणा. तिने आठही पिल्लं डोणीत सोडली.

दोन दिवस आईचे शब्द खरे वाटले. पिल्लं एकाजवळ एक बसायची. तिसऱ्या सकाळी सगळ्यात लहान पिल्लू तळाला एका कडेला लागलेलं दिसलं. पुढचा उजवा पाय कोपरापासून गेला होता. सगळ्यात थोरलं पिल्लू मध्ये बसलं होतं, शांत. त्याचा तरी काय दोष? आदल्या दिवशी गांडुळं कमी मिळाली होती.

सरवरीबीने कपाळावर हात मारून घेतला. जुबेदाने पिल्लं एकेक करून परत गाडग्यांत घातली. तिला वाईट वाटायला हवं होतं, हे तिला समजत होतं. वाटत नव्हतं. फक्त त्या दिवसापासून लहान्याच्या गाडग्याशी ती जरा जास्त वेळ बसू लागली.

आठवड्याभरात तुटल्या जागी एक बोंड आलं. मग ते लांबलं. मग टोकाला खाचा पडल्या. महिना उलटून गेल्यावर एका सकाळी तिने मोजली, तांदळाच्या कणीएवढी चार बोटं. तिने आपला हात पदराखाली घेतला.

रऊफ परत आला तो पिल्लं न्यायलाच. आठ जिवंत पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. जुबेदाने झालं ते सगळं सांगितलं, डोणीचंही. तो गाडग्यात वाकून पाहत राहिला आणि हसला.

"कोणता तुटला होता वळखू बी येत नाई! ह्याईची जातच अशी हाय, आपा. गेलं ते परत येते. कायी बिघडलं नाई."

"त्याचं नाई बिघडलं," जुबेदा म्हणाली.

आणि मग तिला तो कान दिसला. मधोमध फाटलेली पाळी. भिंतीकडे तोंड करून कोंबलेले घास. ती "हो" म्हणाली होती! दोन वर्षांत पहिल्यांदा तिला भीती वाटली. साधी, आईची भीती. ती उठली, फडक्यात भाकरी बांधल्या आणि दाराकडे निघाली.

"कुठं चालली, आपा?"

"डोणीतून काढाले."

रिठदचा पुंजाजी जिनात कापूस टाकून रिकामी बैलबंडी घेऊन परत निघाला होता. तिच्यात बसून ती गेली. जमशेद दुकानात बांगड्यांचे तोडे बांधत होता. पोरीला न्यायला आले, म्हणाल्यावर त्याने तिच्या हाताकडे पाहिलं.

"ह्या हातानं सांभाळशीन?"

"ह्याच हातानं आठ वाढवले. एक डाव चुकलं माह्यं. आता नाई चुकनार."

आठ कोण, हे त्याने विचारलं नाही. घरात एक तोंड कमी होत होतं. त्याने पोरीला हाक मारली. नवीन बाईने दाराआडून पाहिलं, तिची पोरंही तिथेच उभी होती, हाडकुळी, भुकेली. जुबेदाला त्यांचा राग आला नाही.

परतीला दुसरी बंडी मिळाली. मुनीरा तिच्यापासून लांब, चाकाकडच्या कडेला अंग चोरून बसली. जुबेदाचा हात तिच्याकडे जाऊ पाहत होता. तिने तो आवरला. फडकं सोडलं, पोरीपुढे एक भाकर ठेवली आणि स्वतः सरकून बंडीच्या दुसऱ्या टोकाला गेली. पोरीने भाकर छातीशी घेतली, पाठ केली आणि भराभर संपवली. जुबेदाने दुसरी ठेवली आणि परत मागे सरकली. तीही तशीच संपली.

तिसरी भाकर पोरीने पाठ न फिरवता खाल्ली.