सातव्या भागातला हात

मित्रांनो, मी एक जुना सातवा भाग आहे. कशाचा, तर एका लांबलचक ‘मांगा’चा, म्हणजे जपानी चित्रकथेचा. माझ्या आधीची सहा भावंडं कपाटात शेजारीच आहेत. पुढे काय होतं हे मला ठाऊक नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

छापखान्यात माझ्या कडा कापल्या, पाठीला डिंक लावला आणि मला उजवीकडून डावीकडे वाचावं असं ठरवलं. का, ते विचारायला मला तोंड नव्हतं. मग दोन बहिणींनी मिळून मला घरी आणलं. एक खोली, एक कपाट, एक मी.

माझ्यात दीपगृह सांभाळणारी एक मुलगी आहे, एक खलाशी आणि एक घड्याळजी. अगदी शेवटच्या चित्रात ती आपला मफलर कुणाच्या तरी हातात देते. पण कुणाच्या? चित्रकाराने मनगटापाशीच चौकट संपवली.

ताई खलाशाच्या बाजूची, धाकटी घड्याळजीच्या. ताईच्या फोनमध्ये खलाशीवाल्यांचा अख्खा गट होता. न पाहिलेली माणसं त्या हाताच्या अंगठ्याची मापं एकमेकांना पाठवत.

“नखं बघ ना, कशी कापलेली आहेत. घड्याळजीच तो,” धाकटी म्हणायची.

“म्हणजे खलाशाने काय वाढवून वेणी घालायची?”

चित्र माझ्याच पोटातलं, पण मला काही सांगता येईना. धाकटी बोलली की मला घड्याळजी पटायचा, ताई बोलली की खलाशी.

पुढे ताईला परगावी नोकरी लागली. बॅग भरताना ती म्हणाली, “सातवा भाग मी नेणार.”

“ने की. घड्याळजीचा हात तेवढा इथे ठेवून जा.”

दोघींनी मला धरलं आणि ओढलं. पान टर्रकन फाटलं, नेमकं मनगटापासून. धाकटीने चिकटपट्टी लावली, पण दोघींनी बोलणं टाकलं. रविवारी ताई जायची होती. शनिवार आला तरी “मीठ दे”सुद्धा आईमार्फत चाललं होतं. ही अशीच गेली तर, या धास्तीने माझा डिंक सुटायची वेळ आली.

शेवटी आईच वैतागली. “बघू तरी काय आहे यात,” म्हणून तिने चष्मा लावला आणि मला सगळ्या पुस्तकांसारखं डावीकडून उघडलं.

“पहिल्याच पानावर मफलर देऊन टाकला हिने. आणि पुढे बघते तर गळ्यात! परत घेतला असणार. बरं केलं.” आई पानं उलटत राहिली. “शेवटी एकटीच निवांत चहा पितेय. सुखी झाली हो पोर. यात भांडण्यासारखं काय आहे?”

“आई, उलटं वाचतेयस तू!” दोघी एकदमच ओरडल्या. मग एकमेकींकडे बघून हसत सुटल्या, आणि आईला सुलट गोष्ट सांगायला दोघी माझ्यावर वाकल्या. त्यात पुन्हा भांडल्या, पण बोलून भांडल्या.

ताई गेली. मला तिने नेलं नाही.

आता आठवा भाग आला आहे. माझ्या अंगाला अंग लावून उभा आहे, अजून प्लास्टिकमध्येच. परवा ताईचा फोन आला होता.

“फोडलास?”

“नाही.”

“शपथ?”

“आईची. तुला गटातल्यांनी सांगितलं असेल ना?”

“गट सोडला मी. सुट्टीत येते, मग दोघी मिळून फोडू.”

उत्तर माझ्यापासून एका पुठ्ठ्याच्या अंतरावर आहे आणि ते कुणालाच नकोय. हे काय गौडबंगाल आहे, मला कळत नाही. मध्येच वाटतं, आईचंच बरोबर असेल.

मित्रांनो, भांडायचं तर खुशाल भांडा. फक्त त्याआधी पुस्तक खाली ठेवा. आणि तो हात कुणाचा हे तुम्हाला माहीत असेल, तरी कृपा करून ताई येईपर्यंत मला सांगू नका.