बाजारातली पालकसभा

पालकसभा म्हटलं की काय होतं, हे तुम्हा-आम्हाला ठाऊकच आहे. शिक्षक वाट बघत बसतात, पालक फिरकत नाहीत आणि चहा मात्र वेळेवर येतो. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या एका लहानशा गावातल्या शाळेत त्या दिवशी नेमकं तेच झालं. रविकिरण सरांनी सकाळीच सतरंज्या अंथरून घेतल्या होत्या, फळ्यावर रंगीत खडूने ‘पालकांचे हार्दिक स्वागत’ असं लिहून घेतलं होतं. आलं कोण? सरपंचांचे भाऊ, ते फोटोपुरते. आणि एक म्हातारेबुवा, तेही रेशन दुकान उघडलंय का हे विचारायला!

सर भडकले. “बघितलंत मॅडम? यांच्या लेकरांसाठी आपण घसा कोरडा करायचा आणि यांना तासभर सवड नाही!”

मुख्याध्यापिका पंचशीला मॅडमनी किटलीतला चहा त्यांच्या पुढ्यात ओतला. “घ्या, पिऊन घ्या. वाया जाईल.” मॅडमची सारी नोकरी याच भागातल्या शाळांमध्ये गेली होती. चिडलेल्या माणसाला आधी चहा द्यावा आणि शहाणपण मागाहून सांगावं, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

रविकिरण सर तसे हाडाचे शिक्षक. लातूरच्या शिकवणी वर्गात काही वर्षं शिकवून ते इथं आले होते. शाळा सुटल्यावर ते मुलींना खो-खो शिकवत, स्वतःच्या पैशानं त्यांना शेंगदाण्याचे लाडू आणत. पण एक खोड होती. वर्गात कुणाचं काही चुकलं की त्यांच्या तोंडून वाक्य निघायचं, “उद्या वडिलांना घेऊन ये!” पालक आला की भर वर्गात त्याला उभं करायचं आणि पोराच्या चुकांचा पाढा वाचायचा. व्हॉट्सॲपच्या पालक गटातही तक्रारींशिवाय दुसरं काही नसे. ऐन सोयाबीन काढणीत दिवसाचा रोजगार बुडवून कोण येणार आपली शोभा करून घ्यायला? लोकांनी गटाचा आवाज बंद करून टाकला होता.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी सरांनी सातवीतल्या आरतीला हाक मारली. “आरती, उद्या वडिलांना घेऊन ये.”

सगळा वर्ग “गेलीस तू!” अशा नजरेनं तिच्याकडे बघायला लागला. आरतीचा चेहरा पडला. सर मात्र खुशीत पुढच्या धड्याकडे वळले. कारण काम चांगलंच होतं! लातूरच्या जिल्हास्तरीय खो-खो सामन्यांसाठी आरतीला संघाची कर्णधार करायचं त्यांनी ठरवलं होतं. तिथं मुक्काम करावा लागणार, म्हणून वडिलांचा होकार हवा होता.

दुसऱ्या दिवशी वडील आले नाहीत. आरतीही आली नाही. त्यानंतरही नाही. शेवटी तिच्या मैत्रिणीनं घाबरत घाबरत सांगितलं, “सर, तिची शाळा बंद केली तिच्या वडलांनी. रोज शेतात जाते ती.”

“काय?” सर तडक मॅडमच्या खोलीत गेले. “सामने चार दिवसांवर आलेत आणि हा माणूस पोरीला घरी बसवतो! यांना काही फिकीरच नाही!”

“तुम्ही का बोलावलं होतं, हे सांगितलं का तिला?” मॅडमनी विचारलं.

“ते वडिलांनाच सांगणार होतो ना.”

“बरं. आजवर तुम्ही कितीतरी पालक बोलावले. कौतुक करायला कुणाला बोलावलंत, ते आठवून सांगा.”

सर आठवू लागले. आठवत राहिले.

मॅडम हसल्या. “आमच्या लहानपणी गावात तार आली की ती उघडायच्या आधीच बायका रडायला लागायच्या. तार म्हणजे कुणीतरी गेलं, हे ठरलेलंच! एकदा माझ्या काकाला नोकरी लागल्याची तार आली, तर आजीनं आधी पोटभर रडून घेतलं. तुमच्या बोलावण्याचं तसंच झालंय, सर. ते गेलं की घरात चूल पेटत नसेल.”

“पण मुलाचं चुकलं तर सांगायचं नाही का, मॅडम?”

“सांगायचं की! बेलाशक सांगायचं. पण ज्यानं आपल्या लेकराचं चार वेळा चांगलं ऐकलंय, तोच पाचव्या वेळी वाईटही ऐकून घेतो. चला, उद्या मुरुडचा बाजार आहे. आरतीचे वडील, अण्णाराव, तिथं वांगी घेऊन बसतात. ते आपल्याकडे येत नाहीत तर आपण जाऊ. आपली कुठं झीज होते?”

दुसऱ्या दिवशी दोघं बाजारात पोचले. अण्णारावांनी सरांना दुरूनच पाहिलं आणि बायकोच्या, रेणुकाच्या, कानात काहीतरी कुजबुजून ते वांग्यांच्या पोत्यामागं चक्क उकिडवे बसले!

“आरतीचे बाबा कुठं आहेत?” सरांनी विचारलं.

रेणुकानं पदर सारखा केला. “त्ये न्हाईत. गावाला गेलेत.”

पोत्यामागची पांढरी टोपी हलली.

“मग ही टोपी कुणाची गं, रेणुका?” मॅडमनी विचारलं. आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. अण्णाराव कपडे झटकत उभे राहिले. चेहरा ओशाळलेला होता, पण डोळ्यांत भीती होती.

“सर, पोरीचं काय चुकलं आसंल ते पोटात घाला,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “पन हितं चार मानसांत काई बोलू नका, पाया पडतो. माझ्या बापाला शाळंत आसंच बोलावलं हुतं. मी पाचवीत हुतो. मास्तरनं साऱ्या पोरांम्होरं त्याला लई बोल लावले. गावात कुनाचं आयकून घेत नव्हता माझा बाप, पन त्या दिशी खाली मान घालून हुबा ऱ्हायला. त्याची ती बेइज्जती बगून मीच शाळा सोडली. आता माझी पाळी आली म्हनलं. त्यापरीस पोरगी घरी बरी!”

सरांच्या आता ध्यानात आलं. हा माणूस बेफिकीर नव्हता, घाबरलेला होता! आणि त्याला घाबरवणारे आपणच!

“अण्णाराव,” ते म्हणाले, “आरतीचं काहीही चुकलेलं नाही. चुकलं ते माझं. अहो, तिच्यासारखी खेळाडू मी लातूरलासुद्धा पाहिली नाही. स्वतः गडी टिपायची संधी सोडून ती दुसरीला खो देते. म्हणून सगळ्या मुली तिचं ऐकतात. तिला संघाची कर्णधार करायचंय. लातूरला न्यायचंय. मॅडम मुक्कामाला सोबत आहेत. एवढंच सांगायला तुम्हाला बोलावलं होतं!”

“अगं बया!” रेणुकानं तोंडाला पदर लावला. “मंग तसा निरोप द्यायचा की हो, सर! चार दिस झाले, घरात कुनाच्या घशाखाली घास न्हाई!”

अण्णाराव मात्र सरांकडे निरखून बघत होते. त्यांना विश्वास ठेवायचा होता, पण धीर होत नव्हता. “आज ग्वाड बोलायलाव, सर. उद्या परत वर्गात हुबं कराल.”

तेवढ्यात शेजारी मिरच्या विकणारी गुणाबाई पुढं आली. मॅडमना “जयभीम” करून ती सरांकडे वळली. “सर, आमच्या नागसेनचं बी सांगा की येखादं चांगलं! मागं वर्गात गडबड करतो म्हनून बोलावलं हुतं मला. त्याच्यात चांगलं काई हाय का न्हाई?”

भोवतीच्या सगळ्या बायका ऐकू लागल्या. सरांनी आठवून पाहिलं. नागसेन, मागचा बाक, सारखी खुडबुड, कधी पट्टी पाड, कधी डबा पाड. त्यापलीकडे काहीच आठवेना. मॅडमकडे पाहिलं, तर त्या शांतपणे मिरच्या निवडत होत्या. काहीतरी गोड ठोकून देणं सोपं होतं. पण सरांच्या मनाला ते पटेना.

“नाही आठवत, आई,” ते म्हणाले. “माझ्या वर्गात दोन वर्षं आहे तुमचा मुलगा आणि मी त्याच्यातलं चांगलं काही बघितलंच नाही. माफ करा मला. पुढच्या बाजारी येऊन सांगतो. नक्की.”

मग अण्णारावांनी टोपी नीट बसवली. “माझं चुकलं म्हननारा मास्तर म्या आज पयल्यांदा बगितला,” ते म्हणाले. “ह्यांच्या हाती पोरगी द्यायला हरकत न्हाई. सर, घेऊन जा तिला लातूरला! आन मी बी येतो!”

ते खरोखरच गेले. सामन्यांत शाळेचा संघ उपांत्य फेरीत हरला. पण अण्णाराव मैदानाच्या कडेला उभे राहून “पळ गं माझ्या वाघिणी!” असं इतक्या जोरात ओरडत होते, की पंचांना त्यांना दोनदा समज द्यावी लागली.

इकडे सर वर्गात नागसेनवर नजर ठेवून होते, या वेळी वेगळ्या कारणानं. आणि पुढच्या बाजारी ते कुणी न सांगता, एकटेच गुणाबाईच्या मिरच्यांपाशी जाऊन बसले.

“आई, आमच्या वर्गात एक मुलगी आहे. वाचायला उभी राहिली की अडखळते. मुलं हसतात. ती अडखळली की तुमचा नागसेन मुद्दाम काहीतरी खाली पाडतो. मग सगळे त्याच्याकडे बघून हसतात आणि तेवढ्यात ती सावरून पुढचं वाचते. मी त्यालाच गडबड म्हणत होतो. त्यासाठीच त्याला शिक्षा करत होतो.”

गुणाबाईनं हातातला तराजू खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, “त्या दिशी घरी नेऊन लई मारलं हुतं मी त्याला, सर.”

“मी मारायला लावलं होतं, आई. तो मार माझ्या नावावर.”

तिनं पदरानं डोळे पुसले आणि एकदम साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज काढला. “ए अण्णाराव! ए रेणुका! हिकडं या! सर काय सांगायलेत आयका माझ्या लेकराचं!” लोक गोळा झाले. “आमचं बी सांगा की, सर!” म्हणत बाया पुढं सरकू लागल्या. सरांना उठायला दिवेलागण झाली.

मंडळी, शिक्षक आणि पालक एकाच लेकरासाठी झटत असतात, पण आपण त्यांची भेट फक्त तक्रारीच्या दिवशी घडवतो. मग एक चिडतो, दुसरा लपतो आणि मार खातं ते लेकरू! शिक्षकहो, पालकाच्या दारी पहिल्यांदा जाल तेव्हा कौतुक घेऊन जा. पालकहो, तुम्हीही कधी शाळेत डोकावून, “सर, तुमच्यामुळं पोरगं बदललं” एवढं म्हणा. मुलातलं चांगलं शोधायला नजर लागते, आणि ते त्याच्या आईला सांगायला दोन मिनिटंही पुरतात.