दार ठोठावा

दोन वर्षं राबून मी वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीचे अडीच मजले गेमसाठी हातानं रंगवले होते. गेम साधाच. बुद्धपौर्णिमेची खीर गार व्हायच्या आत प्रत्येक खोलीत पोचवायची. माझी मामेबहीण आणि भागीदार माया, तिनं एका दुपारी एआयकडून अख्खी चाळ रंगवून घेतली, जिन्यांसकट. माझं डोकंच फिरलं.

"दोन्ही नाय चालणार," माया म्हणाली. "आत्याला खेळू दे. ती सांगेल ती चाळ फायनल. दुसरी बाद."

आत्या म्हणजे माझी आई, कौसल्या. चाळीस वर्षं तिनं त्या चाळीत काढली. चाळ सुटली तसे आम्ही टॉवरच्या सतराव्या मजल्यावर आलो. परीक्षक घरचाच, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

आधी मायाची चाळ. पॅसेजमध्ये टांगलेल्या फुलांच्या कुंड्या बघून आई म्हणाली, "हे कुठलं हॉटेल गं?" मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण ती एकेका खोलीत शिरून खीर वाटत सुटली, मधेच हसलीसुद्धा.

मग माझी. "अरे, हे तर रामूचं पिंप! आणि जिन्याचा मोडका कठडा!" आईचे डोळे भरून आले. मी मायाकडे असं बघितलं, की कोणीही चिडावं.

आमच्या शेजारच्या नलूमावशीच्या खोलीसमोर आई अडली. स्क्रीनवर अक्षरं आली होती, 'दार ठोठावा'.

"हे काय रे?"

"ठोठाव ना. मग उघडेल ती."

"नलूचं दार ठोठावू? दिवसा दार लावलेलं दिसलं तर लोक विचारायचे, कोण आजारी आहे काय म्हणून!" आईनं टॅब खाली ठेवला. "हे त्या एआयचं काम. त्याला काय कळतंय?"

"नाय आत्या," माया म्हणाली. "एआयला मी तुझ्याच आठवणी रेकॉर्ड करून दिल्या होत्या. त्यानं सगळी दारं उघडी ठेवली. ठोठावणं अजितचं आहे."

बेल, जाळीचा दरवाजा, आतून आधी डोळा लावून बघणं. टॉवरमध्ये आल्यापासून मला दुसऱ्या तऱ्हेचं दार सुचलंच नव्हतं. इतके दिवस एआयला शिव्या घातल्या, आता कुणाला घालायच्या? मला खरंच लाज वाटली.

"मायाची घ्या," आईनं निकाल दिला. "कुंड्या तेवढ्या काढा."

"अज्या, दारं उघड तुझी. परत खेळवू आत्याला," माया म्हणाली. तिनं दया दाखवली, याचा मला जास्तच राग आला.

तरी बसलो. पन्नास दारं तासाभरात उघडली. मग नलूमावशीच्या खोलीचं आतलं चित्र काढायला घेतलं आणि हात थांबला. लहानपणी तिथे मी किती वेळा जेवलो होतो, आणि आता एक भिंत धड आठवेना.

"आई, नलूमावशीकडे आत शिरल्यावर डाव्या हाताला काय होतं गं?"

आई खुर्ची ओढून शेजारी बसली.

"डाव्या हाताला तूच बसलेला असायचास," ती म्हणाली, "ताट घेऊन."