तस्सीच डिस्क

जावईबुवांचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. वीस मजल्यांच्या पोकळीत लोंबकळून नटबोल्ट आवळणारा गडी, तो कॉम्प्युटरच्या डब्याला काय भीक घालणार? "चार स्क्रूंचं तर काम," तो बायकोला म्हणाला होता. "त्यासाठी दुकानात कशाला ठेवायचा?"

"त्यात आई आहे," बायको म्हणाली. "एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

आई म्हणजे त्याच्या सासूबाई. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही, पण हातांनी अशा बोलायच्या की बोलणाऱ्यांनी तोंडात बोट घालावं. खुणा सगळ्या घरच्या, त्यांनीच रचलेल्या, जगात दुसऱ्या कोणाला न कळणाऱ्या. लेकीने खपून खपून एकेक खूण कॅमेऱ्यात घेतली आणि प्रत्येकीचा अर्थ बोलून ठेवला. नंतर सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात कायमचा लुळा पडला. आता त्या खुणा लेकीच्या डोक्यात होत्या थोड्याफार आणि त्या डिस्कवर सगळ्या. आणि ती डिस्क आता ठक् ठक् वाजायला लागली होती.

जावईबुवा नवी आणायला गेला. दुकानदाराने विचारलं, "केवढी देऊ?"

"तस्सीच द्या. त्याच कंपनीची, तेवढ्याच मापाची."

लिफ्टचा भाग बदलायचा तर हुबेहूब तोच बसवायचा, हे त्याच्या हाडीमासी खिळलेलं. दुकानदार म्हणाला, "अहो, मोठी घ्या की, पुढे उपयोगी पडेल." पण हा ऐकतोय कशाला!

"बरं. पण साहेब, जुनी सारखी बंद-चालू करू नका. ती आता झोपली तर उठेलच असं नाही."

बसवण्याचं काम मात्र त्याने झकास केलं. बाजूचा पत्रा काढला, जुन्या डिस्कच्या खालच्या रिकाम्या खणात नवी सरकवली, स्क्रू आवळले, एक वायर विजेची आणि एक माहितीची जोडली. मग बटण दाबलं. जुनी उठली नाही. सगळं बंद करून त्याने पुन्हा बटण दाबलं, तेव्हा कुठे ती कण्हत कण्हत फिरायला लागली. तिसऱ्यांदा हा जुगार खेळायची त्याची अजिबात छाती नव्हती.

त्याने पेनड्राइव्हवरून डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्राम उघडला. पडद्यावर प्रश्न आला, कुठल्या डिस्कवरून उचलायचं आणि कुठल्या डिस्कवर उतरवायचं? खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, जिच्यावर उतरवाल तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल.

आणि त्याखाली दोन ओळी. तीच कंपनी, तेच माप. जुनी इतकी खंगलेली की तिच्यात काय आहे तेही कॉम्प्युटरला वाचता येईना, त्यामुळे दोन्हींपुढे एकच शब्द, 'अनोळखी'.

बोंबला! जावईबुवांच्या तोंडचं पाणी पळालं. चुकीच्या ओळीवर बोट पडलं तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा सासूबाईंवर उतरणार होता. बंद करून एक काढून बघावी, तर जुनी उठेल याची खात्री कोण देणार? चालू मशीनमध्ये हात घालून वायर उपटावी, तर त्या गुंताड्यात भलतीच वायर हाती यायची. एकेका ओळीपुढचं 'तपासा' दाबून जुनी कधी ठकठकते ते ऐकावं, तर पंखा इतका घोंघावत होता की काही ऐकू येत नव्हतं. आयुष्यात इतका तो कधी घाबरला नव्हता. बायको औषधांच्या दुकानातून यायची वेळ झाली होती. तिला काय सांगायचं? तुझी आई पुसली म्हणून?

मागे चप्पल घासल्याचा आवाज आला. सासूबाई पाय ओढत आल्या होत्या. त्यांनी उघडा डबा पाहिला आणि मग जावयाचं तोंड पाहिलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंच्या खुणांपैकी याला येत होत्या जेवण, पाणी आणि 'लेक कधी येणार'. बाकीचं बोलायला बायको मध्ये असायचीच. आता त्याने आतल्या दोन डिस्का दाखवल्या, पडद्यावरच्या दोन ओळी दाखवल्या आणि हात पसरले. वरची जुनी एवढं सांगायला त्याने स्वतःच्या डोक्यावरचा पांढरा केस ओढून दाखवला. सासूबाईंना बरोबर कळलं. त्या खाली वाकल्या आणि डावा तळवा सरळ जुन्या डिस्कवर टेकवला.

त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवून 'तपासा' दाबलं. सासूबाईंनी मान हलवली, काही नाही. दुसऱ्या ओळीवर दाबलं. त्यांनी झटकन त्याचं मनगट पकडलं आणि त्याचा तळवा जुन्या डिस्कवर दाबून धरला. ठक्. ठक्. ठक्. त्याला ते हातात जाणवलं.

म्हणजे दुसरी ओळ जुनी. तरीही त्याने पुन्हा एकदा दोन्ही तपासून घेतल्या, मगच जीव मुठीत धरून 'सुरू करा' दाबलं.

पडद्यावरची हिरवी पट्टी थोडी सरकली. थांबली. ठक्. पुन्हा जराशी सरकली. ही अशी कुठवर जाणार आणि अर्ध्यात मेली तर कुठल्या खुणा येणार, कुठल्या राहणार? याच्या कपाळावरचा घाम गळ्यापर्यंत आला.

सासूबाईंनी स्टूल ओढलं आणि त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. त्याला वाटलं, धीर देताहेत. पण त्या त्याची बोटं मिटायला लागल्या. अंगठा बाहेर राहिला तो त्यांनी आत घातला. मग ती मूठ आपल्या डाव्या मुठीला चिकटवून छातीशी नेली आणि दोन्ही मुठी थरथर हलवल्या. त्याला नीट जमलं नाही म्हणून चापट मारून पुन्हा करायला लावलं. खूण दोन हातांची होती, आणि त्यांच्याकडे एकच हात उरला होता.

दार उघडलं. बायको पिशवीसकट तशीच उभी राहिली. डबा उघडा, पट्टी मधेच अडकलेली, आणि आईच्या छातीशी नवऱ्याची मूठ.

"आई काय म्हणतेय?" तिने विचारलं. आजवर हा प्रश्न तोच तिला विचारायचा.

"भीती वाटतेय म्हणतात," तो म्हणाला. त्याने मूठ सोडली नाही. "आम्हा दोघांनाही."